वेनच्या इंजिनचा नंबर

ऑरिन स्टॅडलरला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्याने आणलेलं इंजिन त्याच्या मेलेल्या भावाच्या गाडीतलं आहे की नाही, एवढंच. हो किंवा नाही. पण हे त्याने मला आधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चूक कुणाची, यावर मी माझ्याशीच कितीतरी वेळा भांडलो आहे. दर वेळी मीच हरतो.

मला सगळे क्लेट म्हणतात. मिशिगनमध्ये केरो गावाच्या बाहेर, जिथे साखरेच्या बीटची शेतं सुरू होतात, तिथे माझं मशीन शॉप आहे. माझ्याकडे कुणी गाडी घेऊन येत नाही, नुसतं इंजिन घेऊन येतात. सिलिंडर घासणं, क्रँक सरळ करणं, ब्लॉकचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य लोखंडी ठोकळ्याचा, माथा तासून सपाट करणं, ही माझी कामं. त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, या धंद्यात मला एकतीस वर्षं झाली होती. बायको नोरीन पुढच्या खोलीत बसून फोन घेते आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलते, कारण ते मला जमत नाही.

नंबरवाल्यांशी तर मुळीच जमत नाही. जुन्या दांडग्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये हा एक वेगळाच पंथ आहे. इंजिनवर कारखान्यात ठोकलेला नंबर आणि गाडीचा नंबर जुळला की यांना मोक्ष मिळतो. गाडी पळते का, आवाज कसा आहे, याच्याशी घेणंदेणं नाही. गाड्यांच्या मेळाव्यात ही माणसं टॉर्च घेऊन बॉनेटखाली डोकं घालतात, आकडे वाचतात आणि शेजारच्याकडे बघून नाक मुरडतात. मी म्हणायचो, लोखंडाला काय कळतंय त्याचं नाव काय ते.

त्यांचा एक नियम मात्र मला माहीत होता. आपण ज्या नंबरच्या शोधात आहोत तो समोरच्याला कधीच सांगायचा नाही. आधी त्याने इंजिनवरचा वाचायचा, मग आपण आपला खिशातून काढायचा. कारण लोखंडावर आकडे ठोकायचे पंच कुणाच्याही कपाटात सापडतील. आज नंबर बोलून गेलात की पुढच्या आठवड्यात नेमका तोच नंबर असलेलं इंजिन कुणीतरी आणून देतं.

ऑरिन ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी आला. बीटचा हंगाम ऐन भरात होता, रस्त्यावर चिखलाने माखलेल्या ट्रकांची रांग, साखर कारखान्याचा तो ओला, मातकट वास सगळीकडे. बेचाळिशीचा माणूस, उंच, खांद्यात थोडा वाकलेला, बोलायला मोजका. सेबेवेंगच्या शाळेत गणित शिकवतो म्हणाला. त्याच्या पिकअपच्या हौद्यात एक उघडा ब्लॉक होता, शेव्हरोलेचा चारशे चोपन्न घनइंची, त्यांच्या मोठ्या इंजिनांतलाही मोठा. कुण्या शेतकऱ्याने त्यावर दाराला लावायचा हिरवा रंग ब्रशने फासला होता आणि त्या रंगाखाली गंज धरला होता.

"बीटच्या ट्रकमधला?" मी विचारलं.

"हो. शेवटची पंधरा वर्षं."

"आणि त्याआधी?"

त्याने ब्लॉककडे बघितलं. "त्याआधी दुसऱ्या ट्रकमध्ये," तो म्हणाला. "तुम्ही हा फक्त गरम टाकीत घालून धुऊन ठेवा. खरवडू नका, तारेचा ब्रश लावू नका. मी शनिवारी येतो, मग पुढचं बघू."

मी मान डोलावली. इथेच माझी अक्कल चरायला गेली. तारेचा ब्रश लावू नका असं कोण सांगतं? ज्याला आकडे जपायचे आहेत तोच सांगतो. त्याने हेच इंजिन एखाद्या नामांकित गाडीचं म्हणून आणलं असतं तर माझे कान तिथेच टवकारले असते. पण हिरव्या रंगाचं, बीट वाहून वाहून दमलेलं इंजिन बघून मला वाटलं, शाळामास्तर आहे, कुठल्या तरी मासिकात काहीतरी वाचून आला असेल.

त्या आठवड्यात माथा तासायच्या मशीनवर याच जातीचा एक मोठा ब्लॉक चढवलेला होता, ट्रॅक्टरने वजन ओढायच्या शर्यतीतला. अशा ब्लॉकसाठी मशीन लावायला माझा अर्धा दिवस जातो. गुरुवारी ते काम संपलं. ऑरिनचा ब्लॉक धुऊन, पुसून बाजूला ठेवलेला होता. माथा थोडा वाकडा झालेला मला पट्टी लावून दिसलाच होता. मनात आलं, मशीन लागलेलंच आहे, याचंही करून टाकू. बिचाऱ्याचा एक हेलपाटा वाचेल, आणि या कामाचे त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. मी फार क्वचित असा उदार होतो.

या इंजिनांत नंबर ठोकलेला असतो तो उजव्या माथ्याच्या पुढच्या टोकाला, अंगठ्याएवढ्या जागेत. ती जागा माथ्याच्याच पातळीत असते. माथा तासला की ती पण तासली जाते. मला हे माहीत नव्हतं असं नाही, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण बीटच्या ट्रकच्या इंजिनचा नंबर कोण बघतो? मी त्या जागेवरून फडकं फिरवलं, अंगठ्याने तेल पुसलं, तिथे काहीतरी ठोकलेलं आहे हे दिसलं, आणि मी मशीन सुरू केलं. दोन फेऱ्यांत माथा आरशासारखा झाला. काम सुरेख झालं होतं, हे आजही म्हणतो.

शनिवारी सकाळी ऑरिन आला तेव्हा त्याने शाळेत घालतो तसा कोट घातला होता. हातात नोरीनसाठी डोनटचा खोका. मला हसू आलं. मी म्हटलं, "ये, तुला खूश करतो," आणि ब्लॉकवरचं कापड काढलं.

तो जवळ आला, सरळ उजव्या बाजूला गेला आणि वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्याने त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"इथे आकडे होते का?" त्याने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"होते."

"वाचलेत?"

"नाही."

"एकही?"

"अरे, मला काय ठाऊक तुला ते हवे आहेत म्हणून. तू म्हणालास धुऊन ठेवा..."

"हो. धुऊन ठेवा म्हणालो होतो," तो म्हणाला.

मी चिडलो. अपराधी वाटलं की मी चिडतो, नोरीनला विचारा. मी त्याला म्हटलं, तोंड होतं ना तुला, एक वाक्य बोलायला काय झालं होतं, नंबर बघायचाय एवढं सांगितलं असतंस तर मी त्या ब्लॉकला हात लावला नसता. तो ऐकत राहिला. मग टेकायला स्टूल ओढलं आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं.

त्याचा मोठा भाऊ वेन. सत्तर साली वीस वर्षांचा, साखर कारखान्यात कामाला. बाप चर्चमधला मोठा मानकरी, माझ्या अंगणात शर्यतीची गाडी उभी राहणार नाही म्हणून बजावून ठेवलेलं. मग वेनने गंमत केली. त्याने माँटे कार्लो मागवली. लांब नाकाची, छतावर काळं रेक्झिन, मऊ बाकांची गाडी, दातांचे डॉक्टर वापरतात तशी. बाप बघून खूश झाला, पोरगा माणसात आला म्हणाला. पण वेनने आत सगळ्यांत मोठं इंजिन टाकून मागवली होती. बाहेरून ओळखायला दाराखालच्या पट्टीवर बोटभर एक खूण, बस. बाप दर रविवारी तीच गाडी चालवत सगळ्यांना घेऊन चर्चला जायचा आणि वाटेत म्हणायचा, फार सभ्य गाडी आहे.

हे सांगताना ऑरिन हसला. मी पण हसलो.

मग वेनला सैन्यात बोलावणं आलं आणि एकाहत्तरच्या वसंतात तो व्हिएतनाममध्ये मेला. गाडी अंगणात उभी. बापाला ती बघवेना. जो पहिला माणूस विचारायला आला त्याला त्याने देऊन टाकली. ऑरिन तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि शाळेत होता. घरी आला तर अंगण रिकामं. बापाशी तो वर्षभर बोलला नाही.

"चेव्हेलसारखी शर्यतीची गाडी असती तर कुणीतरी जपली असती," तो म्हणाला. "आमची ती म्हाताऱ्यांची गाडी. कुणाला कळलंच नाही ती काय आहे. चौथ्या मालकाने इंजिन काढून ट्रकला लावलं आणि सांगाडा जत्रेतल्या धडकाधडकीच्या खेळाला दिला. एकोणऐंशी साली. मी नंतर फोटो बघितला त्याचा. बॉनेटवर मोठ्ठा आकडा रंगवलाय आणि मागचा भाग आत दबलाय."

म्हणून तो इंजिनच्या मागे लागला. लोखंडाचा एवढा एकच तुकडा उरला असणार होता जो वेनच्या पायाखाली फिरला होता. अकरा वर्षं तो कागद आणि शेतकरी हुडकत हिंडला. दोन वर्षांपूर्वी ओहायोतल्या एका माणसाला त्याने भोळेपणाने नंबर सांगितला. महिन्याभरात त्या माणसाने तोच नंबर असलेलं इंजिन दाखवलं. आकड्यांचं वळण चुकलं होतं म्हणून ऑरिनने ओळखलं. तेव्हापासून त्याने तो नंबर कुणालाच सांगितला नव्हता, बायकोलाही नाही.

नंबर त्याच्या शर्टाच्या खिशात होता. त्या काळी नव्या गाडीबरोबर वॉरंटीच्या पुस्तिकेत एक पातळ पत्र्याची पट्टी यायची, तिच्यावर गाडीचा नंबर, इंजिनची खूण आणि इंजिन जुळवल्याची तारीख. गाडी गेली त्या दिवशी पुस्तिका घरातच खणात राहिली होती. त्यातली पट्टी ऑरिनने अठ्ठावीस वर्षं जपली. खाकी पाकिटात घालून.

"हा ब्लॉक मिळाला तेव्हा मी तिथेच खरवडून वाचणार होतो," तो म्हणाला. "पण गंज फार होता. आकडे उथळ असतात, रंगाबरोबर निघाले असते. म्हटलं, नीट धुऊन घेऊ. एवढं थांबलोय, आणखी चार दिवस थांबू."

मी त्या माणसाची अठ्ठावीस वर्षं कापून, झाडून कचऱ्यात टाकली होती. तो कीस अजून मशीनखालच्या तसराळ्यात पडलेला होता. मला तिथून निघून जावंसं वाटलं आणि जागा माझीच होती.

एक गोष्ट उरली होती. ब्लॉक ओततानाच त्याच्या मागच्या बाजूला ओतण्याची तारीख उठावात येते, ती तासली जात नाही. आम्ही ब्लॉक फिरवला. मी अक्षर आणि आकडे मोठ्याने वाचले. जानेवारीचा तिसरा आठवडा, सत्तर. ऑरिनने माझ्याकडे पाठ केली, पाकिटातली पट्टी काढली, बघितली, परत ठेवली.

"बसतं," तो म्हणाला.

"म्हणजे त्याचंच."

"म्हणजे असू शकतं. त्या आठवड्यात शेकड्यांनी ओतले असतील."

मला वाटतं तारीख जुळली नसती तर बरं झालं असतं. तो उठला असता, मला शिव्या दिल्या असत्या आणि पुन्हा शोधायला लागला असता. आता ते इंजिन वेनचंही म्हणता येईना आणि नाही म्हणून सोडताही येईना. शोध संपला होता आणि सापडलं काही नव्हतं.

मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, "मला नंबर सांग, मी ठोकून देतो. माझ्याकडे जुन्या वळणाचे पंच आहेत. कारखान्यातल्या माणसालाही ओळखता येणार नाही." एकतीस वर्षांत मी हे काम कुणासाठी केलं नव्हतं. एकदा असं काम घेऊन आलेल्या माणसाला मी हात धरून बाहेर काढलं होतं.

"मला ओळखता येईल ना," ऑरिन म्हणाला. "मी इथे उभा असेन."

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. ब्लॉक न्यायला आला असेल असं वाटलं, पण त्याने डोनटचा खोका ठेवला, स्टूल ओढलं आणि म्हणाला, "क्लेट, तुम्ही अंगठ्याने तेल पुसलंत म्हणालात. म्हणजे तुमचे डोळे तिथे होते."

"होते."

"मग कुठेतरी असेल तो. डोक्यात. आठवून बघा. मी नंबर सांगणार नाही. तुम्हाला एक आकडा जरी आठवला आणि तो जुळला, तरी मला पुरेल."

गणिताचा मास्तर होता तो. त्याला माहीत होतं की एका आकड्याने काही सिद्ध होत नाही. पण मी नाही कसं म्हणणार?

असे सहा शनिवार गेले. मी डोळे मिटून बसायचो. फडकं आठवायचं, तेलाचा वास आठवायचा, रेडिओवर काय चालू होतं तेही आठवलं, बीटच्या भावाबद्दल कुणीतरी बोलत होतं. आकडे येईनात. तिथे एक धूसर ओळ दिसायची, आणि तिच्यात डोकावलं की ती पुसट व्हायची. नोरीन दारात उभी राहून बघायची. एकदा ती म्हणाली, "लग्नाचा वाढदिवस आठवत नाही या माणसाला, ऑरिन. तू कुणाच्या नादी लागलायस?"

"तो वाढदिवस त्यांनी कधी हाताने पुसला नसेल," ऑरिन म्हणाला. नोरीन हसली आणि आत जाऊन रडली. ते मला नंतर कळलं.

तो मला कधीच वाईट बोलला नाही, त्याने मी जास्तच पिळवटून निघत होतो. एकदा तरी ओरडला असता तर मी त्याला उलट ओरडलो असतो आणि दोघंही मोकळे झालो असतो. त्याऐवजी तो म्हणायचा, "घाई नाही. पुढच्या शनिवारी बघू." शनिवार उजाडला की मला जेवण जात नसे.

सहाव्या शनिवारी तो पट्टी काढून बघत होता तेव्हा नोरीनने आतून हाक मारली. त्याच्या आईच्या वृद्धाश्रमातून फोन होता. तो फोनवर बोलला, तसाच बाहेर पळाला आणि गाडी काढून गेला. खाकी पाकीट माझ्या बाकावर राहिलं.

मी ते दुपारपर्यंत उघडलं नाही. कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली नोरीनकडे दिली. संध्याकाळी किल्ली परत मागितली. ती म्हणाली, "नको बघूस, क्लेट." मी म्हटलं, नुसतं बघतो, बघून कदाचित आठवेल. तिने किल्ली दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पट्टी हातात घेतली. काळपट पडलेला पातळ पत्रा, एका कोपऱ्यात दुमडलेला. आकडे स्पष्ट होते. शेवटचे तीन चार, सात, दोन. मी डोळे मिटले आणि त्या धूसर ओळीत चार, सात, दोन दिसतात का बघितलं. लगेच दिसले. इतके लगेच की मला कळलं, हे ब्लॉकवरचे नाहीत, हे आत्ता बघितलेले आहेत. मी पट्टी परत पाकिटात घातली.

ऑरिनची आई त्या सोमवारी गेली. बुधवारी मी आणि नोरीन अंत्यविधीला गेलो. लहानसं चर्च, उकडलेलं हॅम आणि बटाट्याचं कॅसरोल, कडेला उभी असलेली बरीच म्हातारी माणसं. मी पाकीट ऑरिनच्या हातात दिलं. त्याने ते खिशात ठेवलं आणि धन्यवाद म्हणाला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "इंजिन वेनचंच आहे हे आईला सांगता आलं नाही तुला, त्याचं मला..."

"आईला मी ऑक्टोबरमध्येच हो म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "ती खूश होती. प्रश्न तिचा नव्हता, क्लेट. माझाच आहे."

त्यानंतर दोन शनिवार तो आला नाही. तिसऱ्या शनिवारी आला तेव्हा बर्फ पडायला लागलं होतं. दाढी वाढली होती, कोट नव्हता, डोनट नव्हते. तो स्टुलावर बसला आणि काही न विचारता ब्लॉककडे बघत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. एवढा चांगला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि मी त्याला असा लटकवून ठेवलेला. मी ठरवलं होतं असं नाही. तोंडून निघून गेलं.

"मला आठवलं," मी म्हटलं.

त्याने मान वर केली.

"शेवटचे तीन. परवा आठवले, दात घासताना. चार, सात, दोन."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. तेरा वर्षांचा झाला तो. डोळे भरले, ओठ हलले, हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. मी मनात म्हटलं, घे बाबा, एवढं घे आणि सुटका कर स्वतःची.

मग हात खिशापाशीच थांबला.

"पाकीट तुमच्याकडे राहिलं होतं," तो म्हणाला. "चार दिवस."

"कपाटात होतं. उघडलं नाही मी."

"उघडलं नसेलही."

"ऑरिन, शपथेवर सांगतो..."

"नका सांगू. तुम्ही खरं बोलत असाल. पण मला ते कळायला काही मार्ग नाही." त्याने बोटांनी डोळे पुसले. "सहा शनिवार तुम्ही नाही आठवत म्हणालात. मला राग यायचा, पण घरी जाताना बरं वाटायचं. म्हणायचो, माणूस खोटं बोलत नाही. याला आठवलं तर ते खरं असेल."

पुढच्या खोलीतला फोन वाजत होता आणि नोरीन उचलत नव्हती. मी खाली बघत म्हटलं, "उघडलं होतं. त्याच दिवशी. मला काहीच आठवलेलं नाही."

"हं," तो म्हणाला. "बरं केलंत सांगितलंत. पण क्लेट, आता तुम्हाला उद्या खरोखर आठवलं, तरी मला ते कळणार नाही."

त्याने उठून ब्लॉकच्या माथ्यावरून तळहात फिरवला, हळूच. मी विचारलं, हा कधी नेतोस. तो म्हणाला, "कुणाच्या तरी ट्रकला लावा. चालेल बरीच वर्षं. तुम्ही काम चांगलं केलंय त्यावर." मग तो गेला. त्याच्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

फेब्रुवारीत मी टाकीतून दुसराच एक ब्लॉक काढला, फडकं फिरवलं, अंगठ्याने तेल पुसलं, आणि मला ऑरिनच्या ब्लॉकवरचा एक आकडा डोळ्यांसमोर दिसला. सात. आकड्याची वरची आडवी रेघ किंचित तिरकी, खालचं टोक तेलात बुडालेलं, आणि त्याच्यावरून सरकणारं माझं नख. ते नख मला दिसलं. पट्टीवरून मी नख फिरवलं नव्हतं. फिरवलं होतं का? मी तिथेच उभा राहून कितीतरी वेळ तो सात धरून ठेवायचा प्रयत्न केला. मग हात पुसत पुढच्या खोलीत गेलो आणि फोन उचलला.

"कुणाला लावतोयस?" नोरीनने विचारलं.

मी फोन खाली ठेवला. म्हटलं, "कुणाला नाही."